जुनं वेल्डिंग मशीन घ्यायचंय? बाजारात जाण्याआधी मीटर बघा

गेटची बिजागरी निखळते, गोठ्याच्या दाराचा अँगल सुटतो, टेरेसवर पत्र्याची शेड टाकायची असते. फॅब्रिकेशनवाला "उद्या येतो" म्हणत आठवडा काढतो. मग आपणच एक मशीन घेऊन टाकू, जुनं मिळालं तर उत्तम, असं ठरतं. मशीन घरी येतं, गिझरच्या प्लगला लागतं आणि पहिल्या टाक्यालाच एमसीबी पडतो. नाही पडला तर जास्त वाईट, कारण मग भिंतीतली वायर तापत राहते आणि आपल्याला पत्ता नसतो.

मी कोल्हापूरकडचा. स्वतःसाठी एक मशीन घेतलं, तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कुणी घेणार असलं की मला सोबत नेतात. मशीन वाईट निघालं म्हणून फसलेले लोक पाहिले, पण त्याहून जास्त पाहिले ते चांगलं मशीन घेऊन अडकलेले, कारण ते मशीन त्यांच्या घरच्या विजेला झेपणारं नव्हतं. म्हणून खालच्या क्रमात आधी रॉड आणि मीटर, मग मशीन. बहुतेक जण उलट जातात.

इथे फक्त रॉडचं वेल्डिंग धरलं आहे, मिग-टिग नाही. वीज महावितरणची, सिंगल फेज, घरगुती जोडणी. मुंबईत वीज कंपनी वेगळी असली तर अर्ज वेगळे असतील, बाकी हिशेब तोच.

१. आधी रॉड ठरवा

दुकानात रॉड नंबरवर मागतात. १२ नंबर म्हणजे २.५ मिमी, १० नंबर म्हणजे ३.१५ मिमी आणि ८ नंबर म्हणजे ४ मिमी. साध्या ६०१३ जातीच्या रॉडला लागणारा करंट ढोबळ असा:

- १२ नंबर: ६० ते ९० अँपिअर
- १० नंबर: ९० ते १३० अँपिअर
- ८ नंबर: १४० ते १८० अँपिअर

चौकोनी पाइपाचं गेट, खिडकीची ग्रील, स्टँड ही कामं १२ नंबरात होतात. ५-६ मिमी जाडीचा अँगल, शेडचे खांब, ट्रॉलीची डागडुजी यासाठी १० नंबर. ८ नंबरचं काम घरी क्वचितच निघतं, आणि निघालं तरी १० नंबरचे दोन थर देऊन भागतं. म्हणजे खरोखरचे १२०-१३० अँपिअर देणारं मशीन घरगुती माणसाला पुष्कळ झालं. "चारशे अँपचं घ्या साहेब, पुढं उपयोगी पडेल" असं कुणी म्हटलं तर हसून पुढच्या दुकानात जा.

२. घरची वीज मोजा

बिल हातात घ्या. त्यावर "मंजूर भार" किलोवॅटमध्ये छापलेला असतो आणि फेजही लिहिलेली असते. मग मीटरच्या तोंडावर बघा. बऱ्याच घरगुती मीटरवर ५-३० अँपिअर असं असतं. वरचा आकडा म्हणजे मीटरची कमाल क्षमता.

आता मशीन किती ओढतं ते बघू. रॉड ११० अँपिअरवर जळत असताना ठिणगीपाशी साधारण २४ व्होल्ट असतात. म्हणजे सुमारे २,६४० वॅट. मशीनमध्ये थोडं वाया जातं, शिवाय साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्यापैकी खरोखर कामी येणारा हिस्सा) ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे २३० व्होल्टच्या लाइनवर ओढ जाते २० अँपिअरच्या घरात. १२ नंबरचा रॉड ८० अँपिअरवर चालवला तर हीच ओढ १४ अँपिअरच्या आत राहते.

पुढचं सगळं या दोन आकड्यांवर अवलंबून आहे. घरात १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट धड असेल, त्याला अडीचची किंवा चारची (म्हणजे तेवढ्या स्क्वेअर एमएमची) तांब्याची वायर थेट बोर्डापासून आली असेल, तर १२ नंबर त्यावर निवांत चालतो. १० नंबर चालवायचा तर वेगळी लाइन टाकावी लागते. मधला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मर मशीनचा हिशेब वेगळा. त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे रॉड टेकवण्याआधीचं, ७० धरा. ११० अँपिअरला ७० ने गुणून २३० ने भागलं की लाइनवरची ओढ मिळते: ३३ अँपिअर. काम तेवढंच, रॉड तोच, आणि ओढ दीडपटीहून जास्त. ३० अँपिअरच्या मीटरवर हे मशीन लावायचं म्हणजे रॉड टेकवला की शेजारच्यांचेही दिवे मंद होणार.

विजेचं बिल वाढेल ही भीती मात्र फुकटची. १० नंबरचा रॉड सव्वा-दीड मिनिटात संपतो. दिवसभरात तीस रॉड जाळले तरी प्रत्यक्ष ठिणगी पाऊण तासाच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच युनिट. खरी अडचण आहे ती एका क्षणी किती ओढ जाते याची.

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, गावाकडं असाल तर पंप चालू असताना, मल्टिमीटरने त्याच प्लगचं व्होल्टेज बघा. २१० च्या वर असेल तर छान. १९० च्या खाली जात असेल तर कमी व्होल्टेजवर चालणारं मशीन शोधा, नाहीतर दुपारी काम करायची सवय लावा. फ्रिजचा किंवा टीव्हीचा स्टॅबिलायझर मशीनला लावू नका, तो त्या ओढीसाठी बनलेलाच नसतो.

मंजूर भार दोन किलोवॅट असेल आणि महिन्यातून चार वेळा मशीन चालणार असेल तर भारवाढ करून घ्या. महावितरणच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर अर्ज भरता येतो. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट सहसा मागतात. शंका असेल तर १९१२ वर विचारा.

३. तिन्हीपैकी कोणतं

इन्व्हर्टर मशीन: खांद्यावर पट्टा लावून नेता येतं, डीसी करंट देतं, रॉड कमी चिकटतो. नवशिक्यासाठी हेच. दुरुस्ती मात्र बोर्डाची असते आणि ती सगळ्यांना जमत नाही.

सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर मशीन: जड, दणकट, बिघडायला आत फारसं काही नसतं. वाइंडिंग जळलं तर रिवाइंडिंगवाला पुन्हा भरून देतो. पण ओढ वर सांगितली तेवढी.

दोन फेजचं किंवा थ्री फेजचं मशीन: जुन्या बाजारात हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दिसतं, कारण वर्कशॉप बंद झाली की हीच बाहेर पडतात. दोन फेजचं मशीन ४१५ व्होल्टवर चालतं. ते घरच्या २३० ला जोडलं की आउटपुटही त्याच प्रमाणात पडतं. ८० व्होल्ट देणारं मशीन जेमतेम ४४ देतं आणि रॉड नुसता चिकटत राहतो. काही मशीनच्या टर्मिनलवर २३० आणि ४१५ अशा दोन्ही जोडण्या असतात. तशी पट्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय "सिंगल फेजवर पण चालतंय की" यावर विश्वास ठेवू नका.

अजून एक घोळ. घरात बॅकअपचा इन्व्हर्टर असतो आणि वेल्डिंगच्या मशीनलाही इन्व्हर्टरच म्हणतात. मशीनचा पॉइंट बॅकअपच्या लाइनवर येत नाही ना, हे आधी तपासा. लाइट गेल्यावर चुकून रॉड टेकला तर बॅकअपचा इन्व्हर्टर ओव्हरलोडवर जाऊन बंद पडेल, किंवा जळेल.

४. कुठे शोधायचं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसी, पुण्याकडं भोसरी-चिंचवड, नाशिकला सातपूर-अंबड, संभाजीनगरला वाळूज. जिथे फॅब्रिकेशनची दुकानं दाटीनं आहेत तिथे जुनी मशीनं फिरत असतात. दुकानांत थेट विचारा: "मोठं मशीन घेतलंय का? जुनं काढायचंय का?" जो माणूस आजही त्या मशीनवर काम करतोय त्याच्याकडून घेणं सगळ्यात बरं. तुमच्यासमोर ते चालू असतं.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे मशीन दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्याकडे दुरुस्तीला येऊन मालकाने सोडून दिलेली मशीनं पडून असतात. महिनाभराची तोंडी हमी देत असेल आणि त्याचं दुकान तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल तर घ्या. बिघडलं तर परत त्याच्याच दारात नेता येतं, आणि हे मोबाइलवरच्या जाहिरातीतून घेतलेल्या मशीनला कधीच मिळत नाही.

भावाचं सांगायचं तर नवं छोटं इन्व्हर्टर मशीन पाच-सहा हजारांपासून मिळतं, नावाजलेल्या कंपनीचं त्याहून बरंच वर. म्हणून साध्या कंपनीच्या जुन्या इन्व्हर्टर मशीनला नव्याच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, असं माझं मत. ट्रान्सफॉर्मर मशीनचा भाव वेगळ्याच हिशेबाने चालतो. आत तांबं असेल तर भंगारचा भाव हाच त्याचा तळ, त्याखाली कुणी विकत नाही. एखादं तांब्याचं मशीन फारच स्वस्त मिळतंय असं वाटलं तर आत तांबं नाही, असं समजा.

५. मशीन तपासणे

सोबत न्यायचं सामान: १० नंबरचे आठ-दहा रॉड, ६ मिमी जाडीची पट्टी, स्वतःचा हेल्मेट, हातमोजे, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर. आणि एक फूटभर एक्स्टेन्शन, ज्याच्या मधल्या भागात तिन्ही वायरी सुट्या आहेत पण प्रत्येकीचं इन्सुलेशन शाबूत आहे. हे कशाला? क्लॅम्प मीटर एकाच वायरीभोवती लावायचा असतो. अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य दाखवतो आणि विकणारा म्हणतो, "बघा, काहीच ओढत नाही!"

नेमप्लेटपासून सुरुवात करा. एक्स च्या पुढे टक्के असतात, ती ड्युटी सायकल. दहा मिनिटांत किती वेळ सलग वेल्डिंग चालेल ते त्यात कळतं: ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. आय-वन-मॅक्स म्हणजे लाइनवरची कमाल ओढ. हा आकडा तुमच्या मीटरशी जुळवा. नेमप्लेटच नसेल किंवा खरवडलेली असेल तर पुढचं बघायचीही गरज नाही.

मॉडेलच्या नावातल्या २०० किंवा २५० ला भुलू नका. २५० अँपिअर खरोखर द्यायचे तर सिंगल फेज लाइनवरून पन्नासच्या वर अँपिअर ओढावे लागतील. मागून बोटाएवढीही नसलेली वायर आणि १६ अँपिअरचा प्लग आला असेल, तर तो २५० फक्त रंगवलेला आहे. डिस्प्लेवरही तेच. स्वस्त मशीनचा डिस्प्ले तुम्ही नॉब कुठे फिरवलाय ते दाखवतो, बाहेर काय पडतंय ते नाही.

इन्व्हर्टर मशीन असेल तर मालकाची परवानगी घेऊन कव्हर उघडायला सांगा. प्लग काढून पाचेक मिनिटं थांबल्यावरच, आणि आत बोट घालायचं नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. टॉर्च मारून बघा. ग्राइंडरजवळ वापरलेल्या मशीनच्या फॅनच्या पात्यांवर लोखंडाची काळी भुकटी मेणासारखी चिकटलेली असते आणि तीच बोर्डावरही बसलेली असते. नुसती धूळ असेल तर ब्लोअरने जाते. काळ्या भुकटीवर पावसाळ्याची दमट हवा लागली की बोर्डावर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. मग हीट-सिंककडे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पंखांकडे बघा. त्यावर बसवलेल्या आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे भाग) पैकी एका बाजूच्यांखालची पेस्ट करडी, वाळलेली आणि दुसऱ्या बाजूची पांढरी, ताजी दिसली, किंवा त्यांच्यावरचे नंबर वेगवेगळे असले, तर मशीन एकदा जळून उभं केलेलं आहे. दुरुस्ती झालेली असणं हा गुन्हा नाही, पण भाव त्याप्रमाणे पाडा. कॅपॅसिटरची डोकी फुगलेली असतील तर सोडून द्या.

ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये पहिला प्रश्न तांबं की अॅल्युमिनियम. नुसतं बघून कळत नाही, कारण अॅल्युमिनियमच्या तारेवरचं इनॅमलही तांबूस रंगाचं असतं. टर्मिनलपाशी जिथे तारेचं टोक आलंय तिथे ब्लेडने किंचित खरवडून बघा. आतून चंदेरी निघालं की विषय संपला. अॅल्युमिनियम चालतच नाही असं नाही, पण ते तांब्याच्या भावात घेऊ नये. करंट कमी-जास्त करायचं हँडल शेवटपर्यंत फिरतंय का, टर्मिनलचे बोल्ट काळेनिळे झालेत का, ऑइलवालं असेल तर खाली ओघळ आहेत का ते बघा. जमलं तर वायरमनकडून प्लग काढून मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारून घ्या. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन एक मेगाओमच्या खाली असेल तर नको. इन्व्हर्टर मशीनवर मात्र मेगर मारू देऊ नका, बोर्ड जाईल.

आता चालवून बघा. विकणारा बहुधा १२ नंबरचा रॉड घेऊन पातळ पट्टीवर सुंदर टाका मारून दाखवतो. त्या परीक्षेत कुठलंही मशीन पास होतं. तुम्ही आपली ६ मिमीची पट्टी ठेवा, ११० अँपिअर लावा आणि १० नंबरचे चार-पाच रॉड एकापाठोपाठ जाळा. स्वतःला येत नसेल तर येणाऱ्या माणसाला सोबत न्या. तोवर दुसऱ्याने सुट्या वायरीवर क्लॅम्प मीटर धरावा. इन्व्हर्टर मशीनवर वीसच्या, ट्रान्सफॉर्मर मशीनवर तेहतीसच्या आसपास आकडा आला तर मशीन खरोखर ११० देतंय. इन्व्हर्टरवर दहा-बाराच दाखवत असेल तर आउटपुटही तेवढंच कमी आहे. (इन्व्हर्टरची आउटपुट केबल मोजायला जाऊ नका, साध्या क्लॅम्प मीटरला डीसी कळत नाही.) रॉड संपल्यावर मशीन बंद करा, प्लग काढा, मग प्लगच्या पिना आणि केबलचे कनेक्टर हाताला किती तापलेत ते बघा. कोमट चालतं. हात टिकत नसेल तर तो सांधा बदलायला लागणार, तो खर्च भावातून वजा.

"नुसता फॅन गेलाय हो मालक, बाकी मशीन ओके आहे." हे वाक्य ऐकलं की विचारा, फॅन बंद असताना ते किती दिवस वापरलं?

६. पैसे देताना

साध्या कागदावर का होईना, पावती घ्या: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, विकणाऱ्याचं नाव आणि सही. अनोळखी माणूस असेल तर ओळखपत्राची प्रत मागा आणि पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. साइटवरून चोरीला गेलेली मशीनं बाजारात येतात, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावती द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

केबल आणि होल्डर सोबत मिळाले तर त्यांचे वेगळे पैसे देण्याआधी केबलचं टोक सोलून बघा. दीडशे अँपिअरपर्यंत तांब्याची २५ स्क्वेअर एमएमची केबल बरी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल ब्लेडने खरवडली की उघडी पडते.

७. घरची लाइन

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत हवं, नाहीतर तो जवळच्या सॉकेटमधूनच वायर ओढून मोकळा होतो.

मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या, मध्ये कुठेही जोड नको. १० नंबरच्या कामासाठी चारची तांब्याची वायर, अंतर जास्त असेल तर सहाची. तिला स्वतःचा एमसीबी, चारच्या वायरीला सी कर्व्हचा २० किंवा २५ अँपिअरचा. घरातले दिव्यांचे एमसीबी बहुधा बी कर्व्हचे असतात, ते मशीन चालू होतानाच्या धक्क्याला पडतात. एमसीबी सारखा पडतो म्हणून थेट ४० चा बसवणारे महाभाग आहेत. एमसीबी वायरीला वाचवायला असतो. तो मोठा केला की पडायचा थांबतो आणि वायर जळायला लागते.

सॉकेट घरातला साधा नको. २० अँपिअरचा मेटलक्लॅड किंवा ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट बसवा.

त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. मशीन चालू करताच तो पडत असेल तर मशीनमध्ये किंवा लाइनमध्ये गळती आहे, ती शोधा. "हा काढून टाका, मग चालतंय" असा सल्ला देणारे भेटतील.

अर्थिंगबद्दल जरा थांबून सांगतो. तीन पिनचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. जुन्या घरांत वरच्या मोठ्या पिनेला मागून वायरच जोडलेली नसते. वायरमनला टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये धरायला सांगा. दिवा लख्ख पेटला पाहिजे. आरसीसीबी असेल तर तो त्याच क्षणी पडेल, आणि पडायलाच हवा. दिवा मिणमिणला तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय किंवा पट्टी गंजलीय. अर्थ टेस्टरने नीट मोजून घेतलं तर उत्तमच.

आणि मशीनची जी काळी केबल चिमट्याने जॉबला (वेल्डिंग करायच्या लोखंडाला) लावतात तिला सगळे "अर्थिंग" म्हणतात, पण ती घराची अर्थिंग नव्हे. ती करंट परत येण्याची वाट आहे. चिमटा जॉबलाच लावायचा, रॉड जिथे लागतोय त्याच्या जवळ. नळाच्या पाइपाला, स्लॅबच्या सळईला किंवा बोर्डाच्या अर्थिंगला लावला तर शंभर अँपिअर घराच्या अर्थिंगच्या बारीक वायरीतून वाट काढायला बघतात. गेट जागेवर बसवलेलं असताना ही चूक हमखास होते, "गेट भिंतीलाच तर आहे" म्हणून.

एक्स्टेन्शन शक्यतो नको. घ्यावंच लागलं तर हा हिशेब बघा: एकच्या वायरीचं ३० मीटर एक्स्टेन्शन २० अँपिअरवर २१ व्होल्ट खातं आणि वायरीतच चारशेच्या वर वॅट उष्णता होते. तेच चारच्या वायरीत पाचेक व्होल्ट. आणि एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून वापरायचं. गुंडाळलेल्या रीळवर ती उष्णता कोंडते आणि वरचं प्लास्टिक वितळून वायरी एकमेकींना चिकटतात.

८. लागणारी कागदपत्रं आणि सामान

- ताजं वीजबिल, भारवाढ करायची असेल तर ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि टेस्ट रिपोर्ट
- मशीनची पावती
- काच शेड १० किंवा ११ चा हेल्मेट, जमलं तर आपोआप काळा होणारा
- कातडी हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामडी बूट
- चिपिंग हॅमर, वायर ब्रश, ग्राइंडर, चिपिंग-ग्राइंडिंगसाठी साधा चष्मा
- रॉड ठेवायला घट्ट झाकणाचा डबा
- वाळूची बादली

भाड्याच्या घरात असाल तर लाइन टाकण्याआधी घरमालकाला विचारा. सोसायटीत असाल तर कमिटीला. आणि फ्लॅटच्या बाल्कनीत वेल्डिंग करायचा विचारच सोडा.

९. पहिला रॉड टेकवण्याआधी

गिझर, पंप, इस्त्री बंद करा. दोन किलोवॅटचा एकटा गिझर नऊ अँपिअर घेतो.

जमीन कोरडी हवी. रॉड लागलेला नसताना होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्याला त्याचं काही नाही, घामाने भिजलेल्या हाताला आहे. जून ते सप्टेंबर उघड्यावर काम नको. दमट झालेल्या ६०१३ च्या रॉडला कडक ऊन दाखवलं की बहुधा जमतं, ७०१८ ला ओव्हन लागतो, म्हणून घरी ६०१३ च बरा.

जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो. त्यावर थेट वेल्डिंग केलं की पांढरा धूर येतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. टाक्याची जागा ग्राइंडरने घासून घ्या, वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. डिझेलचं, पेट्रोलचं किंवा रंगाचं बॅरल, ट्रॅक्टरची टाकी, बंद डबा यांना हात लावायचा नाही. "रिकामं आहे, धुतलंय" म्हटलं तरी नाही. आतली वाफ स्फोटाला पुरते.

काळा गॉगल म्हणजे हेल्मेट नव्हे. पोरं बघायला जमतात, त्यांच्यासाठी आडोसा लावा. ठिणगी बघितल्याचा त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, बऱ्याचदा मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. गावाकडं त्यावर बटाट्याची चकती ठेवतात. ते करत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. ठिणगी पोत्यात किंवा भुशात शिरून उशिरा पेटते.

१०. कायद्याची बाजू

स्वतःच्या घराचं गेट स्वतःच्या मीटरवर केलं तर प्रश्न नाही. पण गल्लीतले लोक कामं आणायला लागले आणि पैसे घ्यायला लागलात, तर घरगुती जोडणीवर धंदा होतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये याला अनधिकृत वापर म्हणतात आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग चालवलं तरी तेच कलम. धंदा करायचा असेल तर आधी वेगळी जोडणी घ्या, थ्री फेज मिळाली तर मोठं मशीनही चालेल.

खांबावर आकडा टाकून वेल्डिंग करणारे अजूनही दिसतात. ती सरळ कलम १३५ खालची वीजचोरी. शिवाय त्या लाइनला ना एमसीबी, ना आरसीसीबी. तुमच्या दारात काम करायला आलेला फॅब्रिकेशनवाला आकडा टाकत असेल तर त्यालाही थांबवा, पंचनामा तुमच्या दारात होईल.

लाइन नवी टाकल्यावर पहिले काही दिवस प्रत्येक कामानंतर प्लग आणि सॉकेटला हात लावून बघा. महिन्याभराने वायरमनला बोलावून एमसीबी, सॉकेट आणि मेन बोर्डातले स्क्रू परत एकदा आवळून घ्या, न्यूट्रलचा सगळ्यात आधी.